भिशीच्या पैशातलं ग्राफिक्स कार्ड

सोमवार, २२ सप्टेंबर

पूल अर्धा झाला आणि पडदा गोठला! नदीच्या मधोमध एक बस, बसमध्ये माणसं, आणि ती तिथंच लटकलेली. माउस हलवला, कीबोर्ड बडवला — काही नाही. शेवटी मागचं बटण दाबून सगळं बंद केलं. आज घट बसले, गॅसवर नैवेद्याची खीर, आणि माझा जीव त्या बसमध्ये अडकलेला!

सत्तेचाळीस वर्षांची बाई. हिंगणघाटात स्वतःचं मॅचिंग सेंटर. हे कुणाला सांगू? म्हणून इथं लिहिते.

मुलगा निकेश नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत राहिला. मी नुसती धूळ पुसायची. एका दुपारी पुसता पुसता चालू झाला आणि समोर मोकळं माळरान, एक नदी, बाजूला लिहिलेलं — रस्ता काढा. काढला. दोन घरं आली. मग त्या घरांना पाणी पाहिजे. मग वीज. मग शाळा. शहर वसवायचा खेळ आहे तो. दुकान दोन ते चार बंद असतं. आधी मी झोपायची. आता वर्ष झालं, झोपले नाही. गावाचं नाव जयानगर ठेवलं — माझंच नाव, दुसऱ्या कुणाचं कशाला?

पण वस्ती चाळीस हजारांवर गेली तेव्हापासून हे सुरू झालंय. गाड्या दचकत दचकत चालतात. आणि आज तर पूलच.

मंगळवार, २३ सप्टेंबर

निकेशला फोन केला. आधी हसला पोट धरून. मग म्हणाला, "आई, ग्राफिक्स कार्ड जुनं झालं त्याचं. राहू दे ना व. मोबाईलवर लुडो खेळ."

लुडो!

फोन ठेवला. भाजी करपली ती वेगळीच.

गुरुवार, २५ सप्टेंबर

बसस्टँडजवळच्या अंकुशकडे गेले. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, निकेशच्या शाळेतलाच पोरगा. मी म्हटलं, "निकेशच्या कॉम्प्युटरले नवीन कार्ड टाकायचं हाये."

"कोणता गेम खेळते तो?"

मी सांगितलं. आणि थांबायला पाहिजे होतं, पण थांबले नाही — मेट्रो टाकली की कसं अडकतं, पाऊस आला की कसं अडकतं, पूल बांधताना कसं अडकतं. अंकुशनं हातातला स्क्रू खाली ठेवला.

"काकू, निकेश तं पुण्यात हाये ना?"

पकडली गेले! वाटलं हसेल आता. हसला नाही. "मंग बसा," म्हणाला. स्टूल पुसून दिलं.

त्यानं समजावलं ते मला पटकन कळलं. आत दोघं जण काम करतात. प्रोसेसर हिशेब करतो — कोण कुठं चाललं, किती पाणी लागलं. कार्ड त्याचं चित्र काढतं. "तुमचा हिशेबवाला ठीक असन. चित्रवाला म्हातारा झाला असन. पण आधी पाहून घ्या, नाईतं कार्ड घेसान अन् दचकणं तसंच राह्यन." घरी जाऊन चित्र लहान करा, सेटिंग खाली घ्या, म्हणाला. तेवढ्यानं गाडी पळाली तर दोष कार्डाचा. नाही पळाली तर हिशेबवाल्याचा, आणि मग कार्डावर एक रुपया घालू नका.

एक रुपयाही न घेता सांगितलं. निकेशपेक्षा हा बरा.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

पळाली! चित्र धुकट, झाडं गोबीच्या फुलासारखी, पण बस पूल ओलांडून गेली! म्हणजे कार्डच.

रविवार, २८ सप्टेंबर

व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणभणलं. ती पोरं इतकं भरभर बोलतात — अर्ध्या वेगावर लावून पाहते. आता मला कळतं. हिरव्या कंपनीचे आणि लाल कंपनीचे लोक एकमेकांशी असे भांडतात, जसे लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे.

तीन स्थळं समोर आहेत. एक लाल कंपनीचं, ६६०० — देखणं, जोरदार, पण नवं घेतलं तर आवाक्याबाहेर, आणि त्याला विजेची वेगळी जाड वायर लागते. ती आमच्या डब्यातल्या पॉवर सप्लायला नाही, म्हणजे तोही बदला. दुसरं हिरव्या कंपनीचं ३०५० — जोर कमी, पण नवं, वॉरंटी आहे, आणि वायर लागतच नाही. तिसरं जुनंच कुणाचं तरी वापरलेलं — स्वस्त, पण कुणाच्या घरी कसं राबलं कोण जाणे.

मन ६६०० वर बसलंय. मन कधी स्वस्त गोष्टीवर बसलंय?

पैसे भिशीचे. आम्ही नऊ जणी, दर पौर्णिमेला दोन-दोन हजार. यंदाच्या फेरीत दोघीच उरलो — मी आणि रीता. कोजागिरीला चिठ्ठी निघेल.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. हे जिनिंगमधून आले ते हार घालूनच — वजनकाट्याची पूजा झाली, आता कापसाच्या गाड्या सुरू होतील आणि आमचे कैलासराव सुपरवायझरसाहेब दिवाळीपर्यंत घरात पाहुण्यासारखे. सोनं दिलं. म्हणाले, "भिशी लागली का डोरलं कर नवीन. जुनं झिजलं."

मी आपट्याचं पान हातात फिरवत बसले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

शोभाबाईंच्या गच्चीवर भिशी. शोभाबाई आमच्या सगळ्यांत वडील. चिठ्ठी त्याच काढतात. दूध आटवलेलं, चंद्र छान, आणि चिठ्ठी निघाली — रीता!

हसून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं माझ्याच.

रीतानं माझं तोंड पाहिलं असणार. शेजारीण आहे, भिंतीपलीकडून खोकला ओळखते. म्हणाली, "मले पुढच्या महिन्यात पाह्यजे होते व. पोरीची फी तवाच हाये. जया, तू घेतं का?"

घेतं का! मी घेतले.

"काय करतं मंग?" शोभाबाईंनी विचारलं. सगळ्या पाहायला लागल्या. दुधाचा ग्लास हातात, चंद्र डोक्यावर, काय शिरलं अंगात माहीत नाही — खरं सांगितलं. "कार्ड घेतो. कॉम्प्युटरचं."

"रेशनचं?" शोभाबाई म्हणाल्या. "थे तं फुकटच मिळते व!"

हसून हसून माझं दूध सांडलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

भिशीतली गोष्ट यांच्या कानावर पोहोचली. जेवताना सुरू — "पन्नाशी आली तुही! अन् गेम? पोट्ट्यासारखा? लोक काय म्हणन?"

"तुमी पानटपरीवर दोन-दोन घंटे बसता तवा काय म्हणते?"

मग रागानं जेवले, म्हणजे दोन पोळ्या जास्त.

मला जे सांगायचं होतं ते सांगताच आलं नाही. इथं लिहिते. लग्नापासून माझ्या नावानं घरात आलेल्या वस्तू आठवून पाहिल्या. मिक्सर — माझा, पण चटणी घराची. शिलाई मशीन — माझी, पण फॉल गिऱ्हाइकांचे. फ्रीज, गॅस, पिठाची गिरणी, सगळं जयाचं म्हणायचं. डोरलंही माझ्यासाठी नाही, ते लग्नात चारचौघींना दिसायला. एक वस्तू पाहिजे मला जिचा कुणाला काही उपयोग नाही. मी दोन तास त्या नदीकाठी बसते, तेव्हा कुणी हाक मारत नाही, कुणाला चहा नको असतो. चाळीस हजार माणसं आहेत तिथं, आणि एकही "जया, माझा टॉवेल" म्हणत नाही!

एवढंच. हे यांना कसं सांगायचं?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

अजून बोलत नाहीत. मीही नाही. चहा ठेवते, कपाचा आवाज जरा जास्त करते.

मोबाईलवर जाहिरात सापडली — नागपूरला, वापरलेलं ६६००, किंमत निम्म्याच्या जरा वर. भिशीच्या पैशात नवा पॉवर सप्लायही बसेल! दुकानदार फोनवर म्हणाला, "या भाभी, एकदम मख्खन पीस हाय."

अंकुशला विचारलं. तो म्हणाला, "वाईटच असन असं नाई. पण चालवून पाह्यल्याबिगर घेजो नका, काकू."

रविवार, १२ ऑक्टोबर

रीताला सोबत घेतलं. यांना सांगितलं, दुकानासाठी लेस आणायला जाते. (लेस आणली. खोटं नाही.) पैसे पिशवीत, पिशवी पोटाशी. एस.टी.त दोन्ही वेळा जागा मिळाली.

दुकान गल्लीत, वरच्या मजल्यावर, जिना असा की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला परत जावं लागेल. पोरगा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला. कार्ड काढून दिलं. काय देखणं! काळं कुळकुळीत, दोन पंखे. हातात घेतलं आणि मी विरघळलेच. जड होतं, गार होतं.

"चालवून दाखव," मी म्हटलं.

"अजी भाभी, लाईन गेली ना."

रीतानं वर पाहिलं. छताचा पंखा गरगर फिरत होता. "मंग हा काय भुतानं चालवला?"

पोरगा खर्रा घोटता घोटता थांबला. मग म्हणे मशीन नाही. मग म्हणे मशीन आहे पण मालक येऊ द्या. रीता तिथंच ठाण मांडून बसली — "येऊ दे. आमची बस संध्याकाळची हाये." शेवटी कुठून तरी एक उघडं मशीन आणून लावलं. चालू झालं, चित्र आलं, सुंदर आलं, समुद्र-बिमुद्र. पोरगा म्हणतो, "पाह्यलं ना? पॅक करू?"

मी म्हटलं, चालू दे जरा.

थोड्या वेळानं त्या समुद्रात लाल-हिरवे ठिपके आले. आधी एक-दोन. मग गोवरच.

"ते वायरचं हाय," पोरगा म्हणाला. "घरी बरोबर चालन."

आणि खरं सांगते, मी तरी घेणार होते! इतक्या लांब आले, इतके दिवस ठरवलं, आणि हातात धरलं होतं ना ते. मला वाटलं, वायरचंच असेल. पिशवीची चेन उघडली सुद्धा. रीता फक्त पाहत राहिली माझ्याकडं. चेन लावली. उठले. जिन्यावरून उतरताना मागून आवाज — "पाचशे कमी करतो, भाभी! हजार!" मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेले असते.

परतीच्या वाटेत जांबला बस थांबली तेव्हा समोसे खाल्ले. रीता म्हणाली, "लेस तं चांगली भेटली."

सोमवार, १३ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. अस्तर, फॉल, अस्तर, फॉल. एक बाई चाळीस ब्लाउजपीस पाहून रिकाम्या हातानं गेली. काल त्या पोराला मी अशीच वाटले असेन.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दोन वाजता दुकान बंद करून मागच्या खोलीत आले तर माझ्या खुर्चीवर हे! चष्मा कपाळावर, हात माउसवर, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"अवो? जिनिंगले नाई गेले?"

"जेवाले आलतो. पाहून राह्यलो होतो नुसतं."

पडद्याकडं पाहिलं. पूल नाही! माझा पूल — दोन्ही टोकं नदीत पाय सोडून बसलेली!

"मी काही केलं नाई. आपोआप गेला तो."

आपोआप! बुलडोझरचं बटण दाबलेलं दिसत होतं. मी ओरडणार होते, पण त्यांचं तोंड इतकं पडलं होतं — एखाद्याची खरीच भिंत पाडून आल्यासारखं. खुर्ची ओढून बाजूला बसले आणि पूल पुन्हा बांधायला घेतला. हे उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणतात, "ह्या मालाच्या गाड्या गावातून काऊन आणून राह्यली?"

"मंग कुठून आणू?"

"बाहेरून काढ ना रस्ता. आमच्या जिनिंगच्या गाड्या पाह्य, बाजारातून आणल्या का दिवसभर जाम. इथून… नाई, इथून असा वळव. नदीच्या अंगानं."

वळवला. चौकातली लाल रेघ पिवळी झाली, मग हिरवी! आम्ही दोघं पाहत बसलो. जेवण गार झालं.

"किती दिवसाचं हाये हे सगळं?"

"वर्षाचं."

माउस इकडे तिकडे फिरवत होते — शाळेवर, दवाखान्यावर, मी लावलेल्या कडुनिंबाच्या रांगेवर. मग उठले, चष्मा खाली घेतला. "थे कार्ड आणून घे तुह्यं. हे दचकते तं डोये दुखते माहे."

डोळे दुखतात म्हणे! दारापर्यंत गेल्यावर मी हसले, ऐकू येऊ नये म्हणून पदर तोंडावर धरून.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

अंकुशकडे शेवटचा विचार. ६६०० नवं घेतलं तर भिशी कमी पडते, वर पॉवर सप्लाय. शिवाय लाईन गेली की सगळं इन्व्हर्टरवर, आणि आमचा इन्व्हर्टर आधीच फ्रीज आणि पंख्यांनी वाकलेला. ३०५० तेवढं पळणार नाही. झाडं जरा कमी हिरवी दिसतील. पण नवं, तीन वर्षं वॉरंटी, वायर नको, वीज कमी. जुनं कार्ड अंकुश घेतो म्हणाला, त्यात भिशीतले थोडे उरतातही.

मनातलं स्थळ आणि पदरातलं स्थळ यात फरक असायचाच. मी आता ३०५० कडं जावयासारखं पाहते — दिसायला साधा, पण खातो कमी, रुसत नाही, आणि आहे त्या घरात मावतो.

"सांगू का मंग नागपूरले, नवं पाठवाले?" अंकुशनं विचारलं.

सांग.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आलं! धनतेरसलाच आलं. शोभाबाई दुकानात होत्या, त्यांनी विचारलं काय घेतलं धनतेरसला, मी म्हटलं हे. त्यांनी खोकं उलटंपालटं केलं. "यात धातू हाये का?" तांबं आहे म्हटल्यावर खूश. स्वतःच्या हातानं खोक्यावर हळदकुंकू वाहिलं.

दुपारी बसवायला घेतलं. अंकुश येतो म्हणत होता, पण मीच नको म्हटलं. व्हिडिओ पाठ झालाय. हे स्क्रू-ड्रायव्हर धरून उभे, ऑपरेशनच्या नर्ससारखे. डबा उघडला तर आत इतकी धूळ की कापसाची रुई निघावी! जुनं कार्ड काढलं. नवं त्या खाचेत ठेवून दाबलं — भीती वाटते, तुटेल असं वाटतं, दाबावंच लागतं — आणि खट!

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

थांबलो. काळाच.

"गेलं," हे म्हणाले.

"तुमी बोलू नका!"

पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळा. मनात नागपूरचा तो पोरगा, डोरलं, पन्नाशी, लोक काय म्हणन — सगळं एकदम येऊन बसलं. अंकुशला फोन लावला. आवाज रडका निघाला असेल. तो शांतपणे म्हणाला, "काकू, पडद्याची वायर कुठं लावली? वरच्या भोकात का खालच्या, कार्डाच्या?"

वरच्या!

खाली लावली. आणि पडदा उजळला.

जयानगर उघडलं. काय सांगू! नदी हलत होती. खरंच हलत होती, उन्हात चकाकत. पूल आला, बस आली, न दचकता गेली. मी खाली खाली उतरत रस्त्यापर्यंत गेले — एवढं जवळ आधी कधी जाताच येत नव्हतं — तर बसथांब्यावर एक बाई उभी! हातात पिशवी, केस बांधलेले, एकदा या पायावर भार, एकदा त्या पायावर. मागं शाळेतून पोरं निघालेली. वर्षभर हे सगळे ठिपके होते मला. त्यांना तोंडं होती!

हे म्हणाले, "थे बाई कोणाची वाट पाहून राह्यली?"

बसची, म्हटलं. आणि मार्गावर अजून एक बस टाकली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

निकेश आला दिवाळीला. कार्ड पाहिलं, शहर पाहिलं, बाहेरचा रस्ता पाहिला. "आई, हे तू केलं?" मग लगेच त्याचा तो बंदुकीचा खेळ लावायला निघाला. मी म्हटलं, "चारनंतर. दोन ते चार माहा टाइम हाये."

लुडोचं काही बोलला नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पौर्णिमेची भिशी आमच्या घरी. पैसे रीताला गेले. पोहे झाले, चहा झाला, हळदकुंकवाला वाट्या वाटल्या, आणि शोभाबाई म्हणाल्या, "दाखव व तुह्यं रेशन कार्ड."

आठही जणी मागच्या खोलीत! पलंगावर, स्टुलावर, दारात. मी शहर दाखवलं. अर्धा तास कुणी पदरही सरकवला नाही. मग कचऱ्याचा डेपो टाकायची वेळ आली आणि जे सुरू झालं! प्रत्येकीनं आधीच आपापलं घर निवडून ठेवलेलं. "माह्या घराजवय नको!" — शोभाबाई. "मंग काय माह्या घराजवय टाकतं?" — दुसरी. "वाऱ्याच्या उलट्या अंगाले टाका ना," — तिसरी. खरी जमीन विकत घेतल्यासारख्या भांडल्या.

खालच्या वस्तीत पाणी तुंबलेलं दिसत होतं. रीतानं विचारलं काऊन. मी दाखवलं — नाली उताराकडं न्यायची, इथं मी चुकून चढावाकडं काढली होती. पाणी वर कसं चढणार?

रीता म्हणाली, "अवं, आपल्या गल्लीतली अशीच हाये का?"

आणि सगळ्या बाहेर! कपाळावर हळदकुंकू, हातात वाणाच्या वाट्या, नऊ बाया नालीच्या काठावर वाकून उतार पाहताहेत. शोभाबाईंनी वाटीत पाणी आणून ओतलं. पाणी थोडं गेलं, थांबलं, आणि परत आमच्याकडे आलं. दर पावसाळ्यात रीताच्या ओट्याखाली का साचतं ते कळलं. मागच्या वर्षीच नवी बांधलेली नाली!

एक गाडीवाला थांबला. "काय झालं? कोन पडलं का आत?"

हसलो. पण आत येताना कुणी हसत नव्हतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नगर परिषदेची निवडणूक लागली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. आज ओमप्रकाशभाऊ दुकानात आले — प्लॉटचा धंदा करतात, पांढरी गाडी, मागं दोन माणसं. सोबत बायको, हात जोडून. तीच उभी राहतेय.

"भाभी, मत आपल्यालेच. ही काय, नावाले हाये. काम तं मीच पाहीन."

ती बिचारी माझ्या काउंटरवरच्या रिळांकडं पाहत होती. मी तिलाच विचारलं, "नालीचं काय करसान तुमी?" तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

ते म्हणाले, "भाभी, आपन तं गेम खेळता म्हणे घरी! खेळा, खेळा, चांगलं हाये. नालीचं आमच्यावर सोडा." मागची दोघं हसली.

मीही हसले. का हसले? तेव्हापासून तेच डोक्यात आहे. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून हसायची सवय. ती तशीच तोंडावर आली.

यांना सांगितलं. जेवणाचा घास हातात तसाच राहिला. "तू काऊन हासली?" एवढंच म्हणाले.

दुपारी कॉम्प्युटर लावला नाही. रीताच्या ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं शोभाबाईही आल्या. बोलता बोलता गोष्ट नालीवरून निवडणुकीच्या अर्जावर आली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नगर परिषदेसाठी अर्ज भरला. अपक्ष. सूचक रीता. हे गाडीवर सोडायला आले, आत आले नाहीत — "तुही तू जा," म्हणाले.

उद्यापासून घरोघर.